आक्षेपार्ह ते आयएमपी

वैजनाथ हलगे शाळेच्या ऑफिसात शिरले ते हातातलं पुस्तक मेलेल्या उंदरासारखं चिमटीत धरून. मुख्याध्यापक शरदचंद्र सरांच्या टेबलावर त्यांनी ते ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली.

"सर, ह्ये काय वाचायला द्यायलाव तुम्ही पोरींना? माझी उर्वी आठवीत हाय. आठवीत!"

"काय आहे त्यात?"

"मी वाचलं न्हाई. असलं मी वाचतच नसतो. पण एक्केचाळिसावं पान उघडलं, तर 'पाळी' म्हणून सरळ छापलंय!"

"पाण्याची असेल हो," शरदचंद्र सर आशेनं म्हणाले. लातुरात हा अर्थ अगदीच अशक्य नव्हता.

"पाण्याची न्हाई."

सरांनी पान बघितलं. पाण्याची नव्हती. मग त्यांनी ग्रंथपाल प्रेमला मॅडमना बोलावून घेतलं.

त्या कादंबरीचं नाव इथं सांगत नाही, उगीच या कथेवरही समिती बसायची. कादंबरी कुमारवयाच्या मुलामुलींसाठी होती. चौदा वर्षांची मुलगी, घरी येणारा वडिलांचा मित्र, त्याचं नको तसं वागणं आणि मुलीचं गप्प राहणं. सतरा प्रकरणं ती गप्प राहते. अठराव्या प्रकरणात आईला सांगते आणि आई तिच्यावर विश्वास ठेवते. त्या एका प्रकरणासाठी मॅडमनी पुस्तक मागवलं होतं. आदल्या वर्षी नववीतली एक हुशार मुलगी अचानक शाळेत यायची बंद झाली. तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. तेव्हापासून शाळेतल्या प्रत्येक मुलीनं ते अठरावं प्रकरण वाचावं, एवढी एकच इच्छा मॅडमनी धरली होती.

"मॅडम, ह्या वयात मुलींना हे कळायला नको," शरदचंद्र सर म्हणाले.

"सर, घडतं ते याच वयात."

"घडणं वेगळं, छापणं वेगळं."

या वाक्यावर वैजनाथरावांनी मान डोलावली आणि समिती नेमली गेली. शरदचंद्र सर अध्यक्ष, वैजनाथराव पालक प्रतिनिधी आणि तिसरे गणिताचे निवृत्त शिक्षक रेवणसिद्ध सर. शाळा सुटली की शाळेच्याच खालच्या हॉलमध्ये त्यांचे क्लास भरत. गावात देवाच्या खालोखाल त्यांच्या शब्दाला मान होता. परीक्षेच्या दिवसांत तर देव खाली आणि सर वर.

"समिती पूर्ण पुस्तक वाचेल ना?" मॅडमनी विचारलं.

"पूर्ण कशाला? आक्षेपार्ह तेवढं वाचू," शरदचंद्र सर म्हणाले.

"पण ते कुठं आहे हे वाचल्याशिवाय कसं कळणार?"

यावर पुस्तक टेबलावर तिघांत एकमेकांकडे सरकत राहिलं. शेवटी रेवणसिद्ध सरांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. बाकी दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सरांनी दोन दिवसांत पुस्तक पिंजून काढलं. पस्तीस वर्षं पेपर तपासलेला हात, त्यात लाल पेन. जिथं मनाला खटकलं तिथं ओळीखाली रेघ. जास्त खटकलं तिथं समासात चांदणी आणि शेजारी 'आयएमपी', म्हणजे इम्पॉर्टंट, समितीनं त्या ओळीकडे दुर्लक्ष करू नये म्हणून. फारच खटकलं तिथं तीन चांदण्या आणि 'हमखास'. अठराव्या प्रकरणात त्यांना काही सापडलं नाही. मुलगी आईशी बोलते, आई तिला जवळ घेते, यात आक्षेप तो काय घ्यायचा? त्यांनी वर लिहिलं, 'यात काही नाही. सोडून द्या.'

पुस्तक झेरॉक्सला गेलं. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्या दयानंदला निरोप होता: रेघा मारलेल्या पानांच्या तीन प्रती. दयानंद गेली बारा वर्षं सरांच्याच नोट्सवर दुकान चालवत होता. हजार कागदांत सरांची चांदणी त्यानं डोळे मिटून ओळखली असती. चांदण्या बघून त्यानं कागदाचं नवं रीम फोडलं.

"तीनच काढू का, मालक?" हाताखालच्या माणसानं विचारलं.

"खुळा झालास का? सरांचं मटेरियल हाय! तीनशे काढ."

"पण ह्ये तर मराठीचं दिसायलंय. सर गणिताचे न्हवं?"

"पॅटर्न बदललाय," दयानंद म्हणाला.

लातुरात 'पॅटर्न बदललाय' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 'रेवणसिद्ध सर – मराठी आयएमपी सेट' संपला. 'सोडून द्या' लिहिलेली पानं दयानंदनं अर्थातच काढली नव्हती. सरांनी सोडलेलं वाचायचं नसतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

वैजनाथरावांनीही सेट आणला. पुस्तक त्यांनी वाचलेलंच नसल्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. संध्याकाळी उर्वीला समोर बसवून ते पाठांतर घ्यायला लागले. बायको मनिषाताई आत भाकरी थापत होत्या.

"पहिली आयएमपी म्हण."

"'बाबा गावाला गेले की ते काका हमखास यायचे,'" उर्वी घडाघडा म्हणाली.

"शाब्बास! पुढची. तीन चांदण्या हायत, नीट म्हण."

"'ते म्हणायचे, हे आपल्या दोघांतच ठेव. सांगितलंस तरी कुणाला खरं वाटणार नाही.'"

"वा! त्याच्या पुढची?"

उर्वी थांबली. चटईची काडी ओढत बसली.

"म्हण की. एवढीशी तर ओळ हाय."

"न्हाई येत."

"काहून न्हाई येत? 'तिला ओरडायचं होतं, पण आवाज...' काय? आवाज काय?"

"पप्पा, ही ऑप्शनला टाकू का?"

"हमखास लिहिलंय सरांनी! दहा येळा लिहून काढ," वैजनाथराव म्हणाले. उर्वीनं खाली मान घालून दहा वेळा लिहून काढलं.

भांडं फुटलं ते समितीच्या बैठकीत. शरदचंद्र सरांनी आपली प्रत उघडली, वैजनाथरावांनी उघडली आणि पहिल्याच पानावर त्यांचा चेहरा उतरला.

"आयला, ह्ये तर आमच्या उर्वीला तोंडपाठ हाय!"

"तुमच्या एकटीलाच नाही," शरदचंद्र सर म्हणाले. "सकाळपासून फोन चालू आहेत माझे."

"पालक चिडलेत का?" प्रेमला मॅडमनी विचारलं.

"चिडलेतच. मॉडेल आन्सर कधी देणार म्हणून विचारायलेत."

रेवणसिद्ध सरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात त्यांची आयएमपी पहिल्यांदाच खोटी ठरत होती, आणि दुःख त्याचं होतं. मॅडमनी ते सेट चाळून बघितले. जे जे मुलींच्या वयाला शोभत नाही म्हणून शोधून काढलं होतं, ते ते गावातल्या तीनशे घरांत पाठ झालं होतं. मुलीच्या वाट्याला जे आलं ते सगळं त्यात होतं. तिची सुटका तेवढी गळाली होती.

"सर, निदान अठरावं प्रकरण तरी वाटू या. तेवढ्याचे झेरॉक्स काढा. मी हात जोडते."

"आणखी वाटायचं? बाई, आग विझवायची का तेल ओतायचं?" शरदचंद्र सर म्हणाले.

"मग बंदी घाला पुस्तकावर," वैजनाथराव म्हणाले.

"बंदी घातली तर अजून वाचतील. थांबा, मला माहीत आहे काय करायचं," रेवणसिद्ध सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं फळ्यावर एका ओळीची सूचना लिहिली: 'सदर साहित्य परीक्षेस येणार नाही.'

या सूचनेपुढे बंदी म्हणजे पोरखेळ. संध्याकाळी चौकातल्या गाड्यावर त्याच चांदण्या मारलेल्या कागदात भेळ मिळत होती. समितीनं पुस्तक मोठ्या मनानं मॅडमना परत केलं. "ठेवा कपाटात, समोरच ठेवा," शरदचंद्र सर हसून म्हणाले, "आता कोण हात लावतंय?" प्रेमला मॅडम जिंकल्या होत्या. पुस्तक समोरच्या फळीवर, मुलींच्या डोळ्यांसमोर दोन आठवडे उभं होतं, आणि एकीनंही त्याला बोट लावलं नाही. मॅडमना संताप आला, तो समितीचा नाही, या गावाचाच आला.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी उर्वी आली. पाठीवर क्लासची बॅग होती. ती कपाटापाशी उभी राहिली, पुस्तकाकडे बघत राहिली, पण तिनं ते काढलं नाही.

"मॅडम, ती पोरगी सांगते का शेवटी? आईला?"

मॅडमच्या हातातलं रजिस्टर तसंच राहिलं. "अठरावं प्रकरण वाच, बाळा. इथंच बस. पंधरा मिनिटं लागतील."

"क्लास हाय चारला. तुम्ही फक्त हो का न्हाई सांगा."

"हो. सांगते."

"मग? आईला खरं वाटतं?"

"वाटतं. लगेच. आई तिला एक प्रश्नसुद्धा विचारत नाही."

उर्वीचा चेहरा उजळेल म्हणून मॅडम बघत होत्या. तो उजळला नाही.

"गोष्टीतली आई हाय ना, मॅडम," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तिला वाटणारच." बॅग सावरून ती जिना उतरून गेली.

ते वाक्य मॅडमना उमगायला अर्धं मिनिट लागलं. उर्वी पुस्तकातल्या मुलीबद्दल विचारतच नव्हती. उमगलं तशा त्या वाचनालय उघडं टाकून, पायात चपला न सरकवता धावत खाली गेल्या. चार वाजून एक मिनिट झालं होतं. सरांच्या नियमाप्रमाणे चारच्या ठोक्याला हॉलच्या दाराला आतून कडी लागली होती. मॅडमनी दोन्ही हातांनी दार वाजवलं. आतून रेवणसिद्ध सरांचा आवाज आला, "क्लास चालू आहे! जे काही असेल ते परीक्षा झाल्यावर!"