वजन पुन्हा वाढलं

सासूबाईंनी फ्रिजला साखळी लावली ती सुनेच्या भल्यासाठीच. साखळी सायकलची होती, कुलूप जुन्या ट्रंकेचं होतं आणि किल्ली त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली.

"राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "पण माणसाचा स्वतःवर ताबा राहिला नाही की दुसऱ्या कुणीतरी तो ठेवायला हवा."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला एक उकडलेलं अंडं हवं होतं, आणि तेही ताबडतोब. थोड्या थोड्या वेळाने पोटात काही गेलं नाही तर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागत. पण अंडं का हवंय हे सांगायचं, तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. ती "बरं, आई" म्हणाली आणि पाणी पिऊन कामाला गेली.

ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो ती इतक्या तत्परतेने दाबायची की शिकणाऱ्यांनी तिचं नाव 'ब्रेकताई' पाडलं होतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत ब्रेकताईंना सीटबेल्ट पुरत नसे. गाडीत बसलं की गाडी तिच्या बाजूला जरा कलायची आणि शिकणारा बिचारा स्टिअरिंग उलट बाजूला ओढायचा. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा तिने मनाचा हिय्या करून वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. सर्जनबाईंनी तिचं जठर छोट्या वाटीएवढं करून ठेवलं.

तेव्हा सासूबाईंनी तिला चमच्या-चमच्याने सूप भरवलं होतं. त्या निवृत्त शिक्षिका. सारी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढल्यामुळे, कोणतीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय समोरच्याला कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. सुनेचं वजन उतरायला लागलं तशी त्यांची मान वर होत गेली. सुनेचा जुना ड्रेस हातात घेऊन त्या शेजारी जात. "बघा, यात आता दोन सुना मावतील. दोन!"

घरी सोडताना सर्जनबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून बजावलं होतं, "दीड वर्ष तरी मूल नको. शरीराला सावरू दे. आणि गाफील राहू नका, वजन उतरलं की दिवस पटकन राहतात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांना हसू फुटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यात एकदाच दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं होतं. त्यानंतर औषधं झाली, तपासण्या झाल्या, मग दोघांनी तो विषयच मिटवून टाकला होता.

"डॉक्टर, आमच्याकडे ती भीती नाही," नवरा म्हणाला.

सर्जनबाई हसल्या नाहीत.

वर्ष उलटलं आणि ब्रेकताईंना उलट्या सुरू झाल्या. पहिली उलटी भर रस्त्यात झाली. गाडी शिकणारे काका घाबरून म्हणाले, "माझा क्लच चुकला का हो?" घरी आल्यावर नवरा म्हणाला, "घाईत गिळलं असशील. तुला सावकाश चावायला सांगितलंय ना?" मग ती पोळीचा एकेक तुकडा इतका वेळ चावू लागली की जेवण संपेपर्यंत दुसऱ्या जेवणाची वेळ व्हायची. तरी उलट्या थांबेनात. एका सकाळी तिला आपली तारीख आठवली. आठवली म्हणजे, कधीची होती तेच आठवेना.

सर्जनबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि आधी नवऱ्याकडे पाहिलं. "भीती नव्हती ना तुमच्याकडे?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांचे चेहरे त्याने पुष्कळ पाहिले होते. त्या दिवशी त्याचा स्वतःचा चेहरा तसाच झाला.

"आता झालंय ते झालंय," सर्जनबाई जरा मवाळ झाल्या. "घाबरून जाऊ नका, पण नीट वागायचं. पोट लहान आहे, त्यामुळे एका वेळी जास्त जाणार नाही. थोडं थोडं, पण दिवसभर खायचं. अंडी, दूध, डाळी. गोळ्या एकही चुकवायची नाही. बाळंतपणाच्या डॉक्टर आणि मी, दोघी मिळून लक्ष ठेवू. आणि उपाशी राहिलेलं मला अजिबात चालणार नाही."

बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. आईंना तर मुळीच नाही."

"अगं, पण आई..."

"मागच्या वेळी आठवतंय ना? सगळ्या गल्लीला कळलं होतं. आणि नंतर मी दिसले की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. ओल्या फरशीला वळसा घालून जावं तसे मला वळसा घालून जायचे. ते मला पुन्हा सोसणार नाही. तीन महिने होऊ देत, मग सांगू."

तीन महिने झाले. मग तिला वाटलं, मोठी सोनोग्राफी होऊन जाऊ दे. दरम्यान पोट कुणाच्या परवानगीसाठी थांबलं नाही. नव्या पँटचं बटण लागेना, म्हणून ती ढगळ कुर्ते घालू लागली. सासूबाईंनी वर्षभर त्या पोटाकडे कौतुकाने पाहिलं होतं. त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

त्या आधी गप्प राहिल्या. मग त्यांना मुलाच्या हत्यारांच्या बॅगेत, पान्याच्या खाली, अंड्यांची टरफलं सापडली.

"हे काय आहे?"

"अंडी, आई."

"ती मला दिसतायत. तू तिला चोरून खायला घालतोस? नवरा आहेस की वैरी? एवढं ऑपरेशन, एवढे हाल, आणि तू बॅगेतून अंडी आणतोस? अंडी!"

नवऱ्याला खोटं बोलता येत नसे. लहानपणी आईने ते पहिलीच्या वर्गातच काढून टाकलं होतं. तो "माझीच होती" एवढंच म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. त्यामुळे सासूबाईंची खात्रीच पटली, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजला साखळी आली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सासूबाईंनी एकदा एखाद्याचं भलं करायचं ठरवलं की त्या ते अर्धवट सोडत नसत. त्यांनी लेकीला फोन केला. ब्रेकताईंची नणंद रोज सकाळी स्वतःचं वजन करणारी बाई. तिने वहिनीला फोन करून तासभर मनोबल या विषयावर समजावलं. मग सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आल्या. ब्रेकताई संध्याकाळी अंडी घ्यायला गेली तर दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, काही म्हणा, पण तुमच्या आई सांगून गेल्यात. दोनदा."

"अहो, मी अंडी मागतेय, दारू नाही."

"मला घरच्या भानगडीत पाडू नका ताई. हवं तर काकडी घ्या."

ती काकडी घेऊन आली.

मग सासूबाई ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना भेटल्या. मालक भला माणूस. तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं काकू. दिवसभर बसून काम, वजन वाढणारच." दुसऱ्या दिवशी त्याने ब्रेकताईंना गाडीतून उतरवलं आणि मैदानावर उभं केलं. शिकणाऱ्यांनी खांबांच्या मधून गाडी मागे घ्यायची आणि हिने बाजूने चालत सूचना द्यायच्या. "तेवढीच हालचाल होईल, मॅडम. माझ्याकडून आपली लहानशी मदत."

मालकाचा चेहरा इतका प्रेमळ होता की तिला नाही म्हणवेना. तिच्या मनात आलं, आता या माणसाला सांगून टाकावं. पण सासूच्या आधी मालकाला कसं सांगायचं? आणि सासूला सांगायचं, तर मोठी सोनोग्राफी आता फक्त आठवड्यावर आली होती. एवढं थांबलो, अजून एक आठवडा.

तो आठवडा पुरा झालाच नाही. सकाळी घाईत तिने नुसतं दूध घेतलं होतं. नवऱ्याने लपवून दिलेला डबा गाडीत राहिला आणि गाडी घेऊन दुसरा शिक्षक निघून गेला. ऊन चढलं. क्लचवाले काका गाडी मागे घेत होते. ती "डावीकडे, डावीकडे" म्हणत होती. मग खांब हलायला लागले. "काका, खांब हलतायत," असं काहीसं ती म्हणाली आणि मैदानावरच मटकन खाली बसली. काकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक वेळेवर दाबला.

मालकांनीच तिला गाडीत घालून घरी आणलं. सासूबाईंनी तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी साखरपाणी करायला घेतलं, तर ती कळवळून म्हणाली, "साखर नको आई, ऑपरेशननंतर मला ती सोसत नाही. दूध द्या." फ्रिजमध्ये दूध होतं. पर्सची चेन अडकली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पर्स फाडली, किल्ली काढली, साखळी सोडली. दुधाचा पेला त्यांनी स्वतः सुनेच्या ओठांना लावला. पण तोंडाने त्या म्हणाल्या, "चल. आत्ताच्या आत्ता त्या सर्जनबाईकडे. मला तिला जाब विचारायचाय."

मुलाला त्यांनी फोन करून परस्पर दवाखान्यात बोलावलं. तिघं आत गेली. सर्जनबाईंनी आधी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, "काल रात्रीपासून काय काय खाल्लं?" असं विचारलं. त्यांना उत्तर मिळायच्या आत सासूबाईंनी सुरुवात केली.

"ते मला विचारा. चोरून खाते ही! तुमचं ऑपरेशन फसलंय डॉक्टर. टाके उसवलेत आतले. हिचं पोट बघा. पोट! वर्षभर मी हिला वाटीने मोजून वाढलं, ते काय यासाठी? उसवलं असेल तर परत घाला. आणि या वेळी घट्ट घाला!"

सर्जनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्या सुनेकडे पाहत राहिल्या. पेशंटची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

"आई," सून म्हणाली, "टाके शाबूत आहेत. मला दिवस गेलेत. पाचवा लागलाय."

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्या हळूच खुर्चीवर टेकल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. ज्या हाताने कुलूप लावलं होतं, तो त्यांनी मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मी हिला उपाशी ठेवलं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी एकदाच सांगितलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं," सर्जनबाई म्हणाल्या. "चला, आधी बाळ बघून घेऊ. मग कुणावर रागवायचं ते ठरवू."

शेजारच्या खोलीत बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मशीन लावलं. आधी नुसती खरखर झाली. मग घोडं दौडत यावं तसे ठोके ऐकू आले. डॉक्टर म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. आईचं रक्त कमी आहे, ते बघू. खाणं मात्र आजपासून चुकायला नको." नवरा भिंतीला टेकून उभा राहिला आणि उगाचच म्हणाला, "चालू आहे. चालू आहे."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. नवरा औषधं आणायला गेला. सासूबाईंनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

सुनेने खाली पाहिलं. "मागच्या वेळी तुम्ही आनंदाने सगळ्यांना सांगितलं होतं. आणि नंतर सगळे गप्प झाले. कुणी विचारायचं नाही, कुणी बोलायचं नाही. मला वाटायचं, मी काहीतरी गुन्हा केलाय."



"गप्प राहायला त्यांना मीच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "घरोघरी जाऊन. ज्या ज्या दारात आनंदाने गेले होते, त्या प्रत्येक दारात परत गेले. सांगितलं, नाही टिकलं. आणि बजावलं, माझ्या सुनेला कुणी एक शब्द विचारायचा नाही. मला वाटलं, तुला तेवढंच बरं वाटेल."

सुनेला एकदम ती सगळी दारं दिसली, आणि त्यांच्यापुढे उभी राहिलेली ही बाई दिसली. इतकी वर्षं तिने त्या गप्प बसण्याचा राग मनात धरला होता. आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिने सासूबाईंचा हात धरला. हात गार होता.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. लेक होती. मैदानावरची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिचा आवाज इतका खणखणीत होता की बाकावर दोघींनाही ऐकू येत होता. "आई, काय म्हणाल्या डॉक्टर? ऑपरेशन गेलं ना वाया?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने श्वास रोखला. त्यांच्या तोंडाशी आलेल्या शब्दांची धडपड तिला स्पष्ट दिसत होती. ओठ हलले, मिटले, परत हलले.

"हो गं," सासूबाई म्हणाल्या. "वाढलंय पुन्हा. पोटच सुटलंय."

"मी म्हटलंच होतं! वहिनीला मनोबलच नाही. आणि तू लाडावून ठेवलंस तिला."

"ठेवलं खरं. माझंच चुकलं."

"मग आता करायचं काय?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. "डॉक्टर म्हणाल्या, चार-पाच महिने वाट बघा. उतरेल आपोआप."