नामदेवले जमन काय?

खोडे सर नामदेवला विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नसत, आणि नामदेव नावाचं कोणीही आमच्या कॉलेजात नव्हतं.

नेरच्या ज्युनिअर कॉलेजात ते पीकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. कपाशीवर बोंडअळी पडल्यापासून फवारण्या वाढल्या होत्या आणि विषबाधेच्या बातम्या कानावर येत होत्या. फवारणी करणाऱ्यांसाठी मोबाईलवरचा छोटा कोर्स तयार करायचं काम आमच्या कॉलेजाकडे आलं. त्याआधी दोन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी एक शिकणारा कल्पनेत उभा करा. त्याचं वय, शिक्षण, मोबाईल, अडचणी लिहा. मग त्याच्यासाठी धडे रचा." मी 'अमोल, वय वीस, होतकरू' एवढं लिहून जेवायला मोकळा झालो. खोडे सरांनी सहा पानं भरली. नामदेव, वय सव्वीस, बारावी पास. मिरची जास्त खातो. शंका विचारायला लाजतो. मोबाईलची काच फुटलेली.

त्या दिवसापासून सरांना चैन म्हणून नाही. खुर्चीला टेकायचे नाहीत, स्टाफरूमच्या या दारातून त्या दारात येरझारा. प्राचार्यांची सूचना आली तर चालता चालताच वाचायचे आणि म्हणायचे, "नामदेव हे दुसऱ्या ओळीत सोडते." माझ्या मेहुण्याची लग्नपत्रिका दिली तर म्हणाले, "देवाधर्माची नावं पाऊणभर पान. नामदेवले मंडप कुठं सापडन?" आम्हीही काही कमी नव्हतो. चहा आला की मी एक कप मुद्दाम बाजूला ठेवायला लावायचो, नामदेवरावांचा म्हणून. सर हसायचे नाहीत. तो कप उचलून स्वतःच प्यायचे.

धड्यांना आवाज माझा होता, हे माझं नशीब. मी वाचलं, "नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये."

"फुंकू नये, तं मंग करावं काय? हे सांगतलंच नाही तुमी. तो फुंकनच."

मग जुन्या टूथब्रशनं नोझल साफ करायची ओळ आली. ती मी अकरा वेळा वाचली. कधी घाई झाली, कधी आवाज 'पुस्तकी' झाला. शेवटी माझं डोकं फिरलं. "सर, नसेल कळत तुमच्या नामदेवला तर जाऊ द्या त्याला खड्ड्यात."

सरांनी बाराव्यांदा वाचायला लावलं.

खरी ठिणगी पडली ती चित्रांवरून. प्राचार्यांना रंगीत, हलती चित्रं हवी होती. सर अडून बसले. "चित्र एकबी नाही. नामदेव आयकते."

"ठीक आहे. शनिवारपर्यंत कोणाला तरी ऐकवून, करवून दाखवा," प्राचार्य म्हणाले. "जमलं तर तुमचे धडे. नाहीतर तयार व्हिडिओ लावू." फवारणी आठवड्यावर आली होती, त्यांचंही चुकत नव्हतं.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. "नामदेवकडं चाला."

मला वाटलं, गेला माणूस हातचा. पण रस्ता त्यांना पाठ होता.

दहाबारा किलोमीटरवरच्या एका गावात, ओसरीवर काळा चष्मा लावलेला तरुण बसला होता. सरांचा आवाज ऐकून तो उठला आणि हातानं खांब चाचपत पुढे आला.

"हा नामदेव," सर मला म्हणाले. "इकडं बदलून यायच्या आधीचा माहा विद्यार्थी. फवारणीच्या प्रश्नाले म्या याले दहापैकी दहा देल्ले. त्याच साली यानं वाऱ्याच्या तोंडावर फवारलं. डोळे गेले. पाठ सगळं होतं, हाताले काहीच येत नव्हतं."

मी खाली बघत उभा राहिलो.

नामदेवची बायको वनिता पंप घेऊन अंगणात आली. आता फवारणी तिच्याच गळ्यात होती. पंपात नुसतं पाणी भरलं, सरांनी मोबाईल लावला, आणि माझाच आवाज अंगणात बोलू लागला. तिनं नाकातोंडावर फडकं बांधलं. मूठभर माती सोडली, ती कुठं उडते ते पाहिलं आणि वारा पाठीवर घेऊन उभी राहिली. एकदाही अडली नाही. सर एका जागी उभे आहेत, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

धडा संपला. नामदेव हळूच म्हणाला, "सर, हे तवा असं काहून नाही सांगतलं?"

"तवा मले पेपर तपासता येत होते, नामदेव," सर म्हणाले. "शिकवता येत नव्हतं."

नामदेव मग म्हणाला, "पुढचा लावा. तिले उद्या वेळ नाही भेटनार."

सर बोटांनी मोबाईल चाचपत राहिले. डोळे भरून आल्यामुळे त्यांना बटण दिसत नव्हतं. शेवटी वनितानं त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि पुढचा धडा लावला.