गळक्या कूलरातला सर्व्हर

धम्मशीलाच्या नोकरीचं सगळं घोडं शेवटी एका पत्र्याच्या खोक्यापाशी येऊन अडलं.

पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती पूर्णेतल्या घरी बसून करायची. कंपनीनं बनवलेला प्रोग्रॅम तऱ्हेतऱ्हेच्या कॉम्प्युटरांवर चालवायचा आणि तो कुठं कुठं अडखळतो ते कळवायचं. सगळं सुखानं चाललेलं असताना कंपनीला कर्मचाऱ्यांची तोंडं रोज समोर बघायची हुक्की आली. तिचे साहेब पंडित सर म्हणाले, "तुम्हाला चाचणीसाठी चार वेगवेगळे कॉम्प्युटर लागतात. ते इथं आहेत."

"सर, मी घरीच सर्व्हर उभा करते. एकाच मशीनच्या पोटात चारही चालवून दाखवते."

"शनिवारी व्हिडिओवर दाखवा. चारही चालले तर राहा घरी. बंद पडलं तर सोमवारी पुण्यात."

धम्मशीलाला पुण्याला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. कॉटवर पाठ टेकण्याचे पैसे देऊन, भिंतीकडं तोंड करून डबा खाण्याचं सुख तिनं आधी भरपूर भोगलं होतं. इथं आईच्या हातची भाकरी होती, दारात कडुलिंब होता आणि स्टेशनातली घोषणा ऐकून कुठली गाडी लेट आहे यावर वडिलांशी रोज वाद घालायची सोय होती. तिची आई कुसुमबाई मात्र लेक जाणार असं धरूनच चालल्या होत्या. तिच्याबरोबर द्यायला कुरडया आणायला म्हणून त्या वालूरला बहिणीकडं गेल्या होत्या.

आता एवढा मोठा शब्द देऊन बसलेल्या धम्मशीलाला प्रोग्रॅममधलं सगळं कळत होतं, पण यंत्राच्या पोटातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. ऑफिसात ते दुसऱ्या कुणाचं तरी काम असायचं. तिनं ऑनलाइन जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड मागवला, त्यावर प्रोसेसर बसवूनच आला होता. भरपूर मेमरी घेतो एवढं वाचून ती खूश झाली, त्याखालचं वाचायला थांबली नाही.

"मेमरीच पायजे ना? नांदेडला चाललोय मी, घेऊन येतो की," तिचे वडील नागसेन म्हणाले. त्यांचा सारा जन्म पूर्णा जंक्शनात डब्याला डबा जोडण्यात गेला होता. जोडलं की जुळतं, हा त्यांचा अनुभव. ते गेले आणि पट्ट्या घेऊन आले. खाचेत चपखल बसल्या. धम्मशीलानं बटण दाबलं तर पडदा काळाच, आणि बोर्ड शिट्ट्या मारायला लागला.

नागसेन कान देऊन ऐकत राहिले. "हे उगंच ओरडायलं न्हाई. इंजिन अशी शिट्टी मारलं की समजायचं, ड्रायव्हरला कायतरी सांगायचंय."

धम्मशीलानं शोधलं. खरंच सांगायचं होतं. त्या बोर्डाला सर्व्हरचीच मेमरी लागत होती, घरगुती चालत नव्हती.

"पण बसली तर बरुबर," नागसेन म्हणाले.

"बसती पप्पा, पण चालत न्हाई. दोघींची जात वेगळी हाय."

"जातीचं नाव काढू नको आपल्या घरात. गेज वेगळा म्हण." आणि म्हणता म्हणता त्यांचाच चेहरा उजळला. अरुंद रुळांचा मीटरगेज आणि रुंद रुळांचा ब्रॉडगेज शेजारी शेजारी असतानाच्या काळात या गेजपायी त्यांनी साहेबांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या, की मुद्दा सांगावाच लागला नाही. "म्हंजे मीटरगेजचा डबा आणला मी. मग आधी सांगायचं की."

त्या दिवसापासून नागसेन घरातले हार्डवेअर तज्ज्ञ झाले. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "गेज बघितला का?" आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नानंच पुढची खरेदी नीट झाली. मेमरी बरोबर आली, डिस्क बरोबर आली, मशीन सुरू झालं. फक्त कॅबिनेटचा गेज बघायचा राहिला. बोर्ड कॅबिनेटपेक्षा मोठा निघाला. नागसेननी कानस घेऊन दुपारभर पत्रा घासला, त्यात बोर्ड बसला नाहीच, कॅबिनेट मात्र कामातून गेलं.

मग सगळा संसार टेबलावर उघडाच मांडला. पण मे महिना, त्यात परभणी जिल्ह्यातला. तीन कॉम्प्युटर आतल्या आत गुण्यागोविंदानं चालायचे आणि चौथा चालू केला की मशीन तापून धाडकन बंद. वर छतावरची पाल त्या उघड्या बोर्डाकडं टक लावून बसलेली.

"ह्याला पेटी पायजे, आन पेटीत वारं पायजे," नागसेन म्हणाले आणि उठून मागच्या अंगणात गेले.

तिथं खिडकीला लागून त्यांचा जुना पत्र्याचा कूलर उभा होता. त्याच्या टाकीला तळाशी गंजून भोक पडलं होतं. ते वेल्डिंग करून आणा म्हणून कुसुमबाई गेले दोन उन्हाळे सांगत होत्या आणि नागसेन "उद्या नेतो" म्हणत होते. शेवटी वैतागून कुसुमबाईंनीच प्लॅस्टिकचा नवा कूलर आणला, पण जुन्याचा विषय सोडला नव्हता. त्याचा पंखा अजून दांडगा होता. नागसेननी आत आडवी फळी टाकून बोर्ड ठेवला, पाल पडू नये म्हणून वर पत्रा तिरका लावला, आणि जागा उरली नाही म्हणून बोर्डाला वीज पुरवणारा डबा खाली रिकाम्या टाकीत एका विटेवर ठेवला. वायरी खिडकीतून घरात. पंखा सुरू केला तर कागद उडाले.

"पप्पा, हे चालंल?"

"गेज जुळला की चालतंच."

शनिवारी पंडित सर लॅपटॉपवर उगवले. धम्मशीलानं पहिला कॉम्प्युटर चालू केला, दुसरा केला, तिसराही केला. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि कूलरच्या कोरड्या जाळ्यांतून गरम झळाच आत जात होत्या. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढायला लागला. चौथ्याचं बटण दाबायला तिचा हात उचलेना.

"चौथा?" सरांनी विचारलं.

तिनं दाबलं. आकडा लाल झाला. गेली नोकरी, असं तिच्या मनात आलं.

नेमक्या त्याच वेळी कुसुमबाई कुरडयांची पिशवी घेऊन मागच्या दारानं अंगणात आल्या. पाहतात तर काय, जुना कूलर घरघरत होता. दोन उन्हाळे बोलून बोलून तोंड दुखलं, आणि पाठ फिरताच माणसानं दुरुस्त करून ठेवला. त्यांना नवऱ्याचं एवढं कौतुक वाटलं की पिशवी तिथंच ठेवली. पण जाळ्या ठणठणीत कोरड्या. या घरात उन्हाळ्यात एकच नियम होता, कूलरजवळून जाईल त्यानं पाणी टाकायचं. कुसुमबाईंनी बादली भरली आणि जाळ्यांवर ओतली.

आत धम्मशीलाला पाण्याचा आवाज आला. नागसेन खिडकीतून वाकले.

"कुसुम, थांब, पाणी टाकू नको."

"का न टाकू? कोरडाच चालवायलाव की. थांबा, अजून एक आणते."

"अगं, आत पोरीची नोकरी हाय."

"मग पोरीला काय उकाड्यात मरू द्यायचं का?" कुसुमबाई म्हणाल्या आणि दुसरी बादली रिकामी केली.

नागसेननी टाकीत पाहिलं. पाणी वाढत वाढत विटेच्या निम्म्यापर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. मग हळूहळू उतरायला लागलं. तळाच्या भोकातून धार लागली होती आणि पाणी निवांत कडुलिंबाच्या बुंध्याकडं चाललं होतं. वरचा बोर्ड पत्र्याखाली कोरडा ठणठणीत.

आणि भिजलेल्या जाळ्यांतून गार वारं आत शिरलं. लाल आकडा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. चौथा कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. धम्मशीलाला हसू की रडू कळेना.

पंडित सर पडद्याजवळ सरकले. "हे तापमान एकदम खाली कसं आलं? कूलिंग कोणतं वापरता?"

"पाण्यावरचं आहे, सर."

"घरी? आणि पाणी गळलं तर?"

"गळायची सोय केलेली आहे, सर. डिझाइनमध्येच."

"कुणाचं डिझाइन?"

"वडिलांचं. रेल्वेत होते."

सरांनी मान डोलावली. "आमच्या इथला एसी सकाळपासून बंद आहे, सगळी मशीनं बंद करून बसलोय. तुमची चारही चालू आहेत. तुम्ही तिथंच राहा. आणि आजच्या चाचण्या जरा तुमच्याकडूनच करून घेता येतील का?"

व्हिडिओ बंद झाल्यावर धम्मशीला अंगणात धावली आणि आईच्या गळ्यात पडली. काय झालं ते ऐकून कुसुमबाईंनी आधी कूलरकडं पाहिलं, मग धारेकडं, आणि मग नवऱ्याकडं.

"म्हंजे भोक तसंच हाय."

"मी मुद्दामच ठिवलं होतं," नागसेन म्हणाले. मग जरा शरमून म्हणाले, "बरं, लय झालं आता. उद्या नेतो वेल्डिंगला. आता खरंच नेतो."

कुसुमबाईंनी कुरडयांची पिशवी उचलली. आता कुरडया पुण्याला जाणार नव्हत्या, आजच तळायच्या होत्या. दारात थांबून त्या मागं वळल्या.

"खबरदार त्या भोकाला हात लावला तर," त्या म्हणाल्या, "आन बसून काय राहिलाव, जाळ्या सुकायल्यात, एक बादली टाका."