गाडी हलवायची असल्यास फोन करावा

खोतचाचांच्या गाडीच्या काचेमागे एक पुठ्ठा असतो. मस्कतच्या आमच्या हमरिया भागात गल्ल्या अरुंद आणि गाड्या उदंड. त्यामुळे एकाच्या मागे दुसऱ्याला गाडी लावावीच लागते आणि लावणारा आपला मोबाइल नंबर काचेमागे ठेवून जातो. अडकलेला माणूस फोन करतो, हा खाली येतो, गाडी हलवतो, खलास. बाकीचे लोक बिलाच्या पाठीवर नंबर खरडतात. चाचांचा पुठ्ठा लग्नपत्रिकेपेक्षा मोठा आहे आणि त्यावर चार भाषांत मजकूर आहे. मराठीतला असा:

‘या गाडीचा मालक हयात असून समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी हलवायची असल्यास फोन करावा. नमाजाची वेळ सोडून कधीही. लाजू नये.’

“चाचा, मस्कतमध्ये मराठी वाचणारे किती अडकणार तुमच्या मागे?” मी एकदा विचारलं.

“एक तरी अडकंल ना, इंजिनेर! त्याला बरं नाय वाटणार?”

खोतचाचा श्रीवर्धनकडचे. वादी कबीरच्या गॅरेजांमध्ये सुट्या भागांचं दुकान आहे, तिथल्या काउंटरवर त्यांची उभी हयात गेली. चाची जाऊन सहा वर्षं झाली. एक मुलगा आफ्रिकेत, एक मुंब्र्यात. गावच्या घराला कुलूप. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. मी मूळचा हिंगोलीकडचा. जिल्हा परिषदेची शाळा, मग समाजकल्याणचं वसतिगृह, मग इंजिनियरिंग. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. पहिल्या दिवशी चाचांनी आमच्या दारातून बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून जिन्यात भेटले की तेच आधी म्हणतात, “जय भीम, इंजिनेर!” मी म्हणतो, “सलाम, चाचा!” मग दोघंही खूश होऊन आपापल्या मजल्यावर जातो.

चाचांना फोन आला की आम्हाला खाली कळतं. आधी त्यांचा आवाज दणाणतो, “दोन मिन्टं, आलोच!” मग कपाट उघडल्याचा आवाज. हो, गाडी चार हात मागे घ्यायला चाचा इस्त्रीचा शर्ट घालतात, अत्तर लावतात आणि खजुराचा डबा घेऊन उतरतात. घाईत असलेला माणूस घड्याळ बघत उभा असतो. चाचा त्याच्या हातावर खजूर ठेवतात, गाव विचारतात, मुलं किती ते विचारतात, गाडी सगळ्यात शेवटी हलवतात. माझी बायको सुजाता म्हणते, “चाचा गाडी काढायला जात नाहीत, मुलगी बघायला जातात.”

एवढ्यावर भागत नाही. ज्याचा फोन आला त्याचा नंबर ते लगेच नावानिशी ठेवून घेतात. माणसाचं नाव विसरतं म्हणून गाडीचं नाव. ‘सफेद जीप इब्रा’, ‘लाल छोटी मॅडम’, ‘दूधवाला पिकअप’, ‘हिरवी गाडी रागीट’. सफेद जीपवाल्या, इब्रा गावच्या ओमानी गृहस्थाने तर एकदा त्यांच्यासाठी स्वतःच्या बागेतले खजूर आणून दिले. चाचांनी ते अख्ख्या इमारतीत वाटले. “बगा! एक फोन, फक्त! मंग फोन हाय कशाला?”

हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीवाला आला नाही, पाणी गेलं, सुजाता दोन दिवस दिसली नाही, काहीही झालं तरी, “एक फोन करायचा ना. मंग फोन हाय कशाला?”

दोन महिन्यांपूर्वी आमच्या समोरच्या मातीच्या मोकळ्या जागेवर डांबर पडलं. पांढरे पट्टे आले, खांबावर पाटी आली, खुर्चीवर गार्ड आला. खाजगी पार्किंग. मी त्याच दिवशी महिन्याचा पास काढला. पाटी आणि शिक्का दिसला की पैसे भरून मोकळं व्हायचं, ही माझी सवय. वसतिगृहात असताना एकदा फॉर्म उशिरा भरल्यामुळे नाव कटता कटता राहिलं होतं, ती भीती अजून गेलेली नाही. चाचांनीही कुरकुरत पास काढला. आता प्रत्येकाची गाडी आपापल्या चौकोनात. कोणी कोणाच्या मागे नाही.

आणि एका गुरुवारी चाचा धडाधडा जिना उतरून आमच्या दारात आले. हातात पिवळा कागद.

“इंजिनेर! मला दंड! मला! सव्वीस वर्सं गाडी चालवतो!”

मी कागद वाचला. गाडी दोन गाड्यांच्या मागे आडवी लावल्याबद्दल वीस रियाल. सात दिवसांत भरल्यास दहा. हरकत असल्यास सात दिवसांत पुराव्यासह कार्यालयात लेखी द्यावी, पण हरकत फेटाळली तर पूर्ण वीस. आणि खाली कारण: ‘मालकाशी संपर्क होऊ शकला नाही.’

“आडवी का लावलीत? तुमचा चौकोन होता ना?”

“ते सोड. हे वाच! संपर्क होऊ शकला नाही! पुठ्ठा जागेवर, फोन खिशात, फुल चार्ज. कोणी फोनच केला नाय! डायरेक स्टिकर! अरे, एक फोन करायचा ना!”

“चाचा, दहा भरा आणि विषय संपवा,” मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो.

“दहा रियालचा सवाल नाय. चार भासांत लिवलंय, फोन करा म्हणून! चार! भरू कशाचे? तू ग्रॅज्युएट हायेस ना? अर्ज लिव.”

खरं सांगतो, आयुष्यात मी कधी कशाला हरकत घेतली नव्हती. पण ‘तू ग्रॅज्युएट आहेस, अर्ज लिही’ असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. माझ्या वडिलांना अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याच्या ओट्यावर तासन्‌तास बसावं लागायचं. मी पेन उघडलं.

पुढचे पाच दिवस आमच्या घरात निवडणुकीचं वातावरण होतं. चाचा दुकानातून सुटले की थेट आमच्याकडे. चहा, अर्ज, पुन्हा चहा. आम्ही टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरलो आणि आडव्या गाडीमुळे किती फूट अडले होते ते मोजलं. चाचा टेपचं टोक धरून ओरडत होते, “लिव, इंजिनेर, लिव!” पुठ्ठ्याचे फोटो काढले, समोरून, बाजूने, उन्हात, सावलीत. लांबून वाचता येतो हे सिद्ध करायला सुजाताला पंचवीस पावलांवर उभं करून मजकूर मोठ्याने वाचायला लावला. तिने ‘लाजू नये’ एवढं खणखणीत वाचलं की गार्डसुद्धा खुर्चीवरून उठला.

अर्जाचे चार कच्चे मसुदे झाले. पाचवा पक्का. शेवटचं वाक्य चाचांचं होतं, मी फक्त इंग्रजीत घातलं: ‘आपण एक फोन केला असता तर मी दोन मिनिटांत आलो असतो.’

मलाही चेव चढला होता. ऑफिसात नकाशे बघताना मला आमचे मुद्दे सुचायचे. सहाव्या दिवशी, मंगळवारी, मी दुपारनंतर सुट्टी टाकली. चाचा इस्त्रीच्या शर्टात, अत्तर लावून, खजुराचा डबा घेऊन तयार.

“यल्ला, इंजिनेर!”

कार्यालयात टेबलापलीकडे बिजूभाई नावाचे एक केरळी गृहस्थ होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी खजूर घेतला, मग अर्ज. अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला. फोटो पाहिले. टेपची मापं पाहिली. मग चष्मा नाकावर आणला.

“चाचा, गार्ड बोलता है फोन लगाया, आपने उठाया नहीं।”

“झूठ! फोन आयाच नहीं!”

“तो फिर आसान है। उस दिन की कॉल लिस्ट दिखाओ। गुरुवार को कोई कॉल नहीं, तो गार्ड झूठा। मैं अभी इधर ही कैन्सल करता है।”

टेबलावर हात आपटायचाच काय तो बाकी होता. जिंकलो होतो! “चाचा, द्या फोन!”

चाचांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. मी आलेल्या फोनची यादी उघडली आणि बोटाने वर सरकवू लागलो.

आज सकाळी, ‘इंजिनेर’. काल, ‘इंजिनेर’. शनिवारी, ‘सुजाता बेटी’. तिने येताना कोथिंबीर आणायला सांगितली होती. शुक्रवारी, ‘इंजिनेर’. गुरुवारी काही नाही. आमचा पुरावा चकचकीत होता. पण बोट वेगात होतं, ते थांबलं नाही. बुधवारी काही नाही. त्याच्या आधल्या आठवड्यात एकदा ‘सुजाता बेटी’. त्याआधीचा आठवडा कोरा. त्याच्याही आधी कोरा. आणि मग पार खाली, डांबर पडायच्या आधीचे दिवस आले आणि यादी एकदम भरून गेली. ‘दूधवाला पिकअप’. ‘लाल छोटी मॅडम’. ‘हिरवी गाडी रागीट’. ‘हिरवी गाडी रागीट’. ‘सफेद जीप इब्रा’. दिवसाला तीन, दिवसाला चार.

आपला चौकोन रिकामा असताना चाचांनी गाडी आडवी का लावली, ते मला त्या टेबलापाशी समजलं.

मी मान वर केली. चाचा माझ्याकडे नव्हे, फोनकडे बघत होते. बिजूभाईंनी हात पुढे केला. “दिखाओ।”

चाचांनी माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि खिशात ठेवला.

“कितना भरने का?” त्यांनी विचारलं.

“अरे चाचा, जीता हुआ केस है! लिस्ट दिखाओ, बस।”

“फोन आया था,” चाचा म्हणाले. “मैंने नहीं उठाया। उस दिन बहुत फोन आता था ना। बिझी था मैं।”

बिजूभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्जाची घडी घालू लागलो. दहा रियाल भरले, शिक्का बसला. निघताना चाचांनी खजुराचा डबा तिथेच ठेवला आणि म्हणाले, “गार्ड को कुछ बोलने का नहीं। गरीब आदमी है।”

घराजवळ आल्यावर चाचांनी गाडी आपल्या चौकोनात बरोबर मधोमध लावली, पुठ्ठा सरळ केला आणि जिना चढून गेले. जय भीम म्हणायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीत उभा होतो. खाली चाचांची गाडी पट्ट्यांच्या आत, कोणाच्याही वाटेत नाही. तीन चौकोन सोडून माझी. माझ्या मागे पुढे ट्रक फिरेल एवढी जागा. सुजाता म्हणाली, “वर आज आवाजच नाही.”

मी फोन लावला.

“चाचा, जरा गाडी हलवता का? मला निघायचंय.”

छत दणाणलं.

“दोन मिन्टं, आलोच!”

कपाट उघडल्याचा आवाज आला. मी धावत खाली उतरलो, जाऊन माझ्या गाडीपाशी उभा राहिलो आणि घड्याळात बघू लागलो. चाचा इस्त्रीच्या शर्टात आले. डबा नवा होता. त्यांनी माझ्या हातावर खजूर ठेवला. आपल्या गाडीकडे पाहिलं, माझ्या गाडीकडे पाहिलं, मधल्या मोकळ्या डांबराकडे पाहिलं.

“गाव कुठलं तुमचं?” त्यांनी विचारलं.

“हिंगोली.”

“मुलं किती?”

“एक मुलगी.”

“मशाल्ला.”

मग ते गाडीत बसले. इंजिन सुरू केलं, गाडी हातभर पुढे घेतली, हातभर मागे घेतली, पुन्हा पट्ट्यांच्या मधोमध आणून बंद केली आणि काच खाली केली.

“झाली जागा?”

“झाली, चाचा.”