सत्तावीस घरांच्या हरकती

मोहाचा हंगाम तोंडावर आला आणि मंगलीबाईंच्या अर्जाला एटापल्लीच्या वन ऑफिसातून उत्तर आलं. अर्ज साधा होता. जंगलाचं फाटक नऊला उघडतं, तोवर झाडाखालची मोहफुलं चितळं खाऊन मोकळी होतात. म्हणून हंगामात फाटक सहाला उघडावं, असा नियम करा. मोह गेला की गावाचं वर्षाचं तेल-मीठ गेलं! उत्तरात लिहिलं होतं, 'ग्रामस्थांनी हरकती पंधरा दिवसांत द्याव्यात.'

"सायबानं पह्यल्यांदा आपल्याले काही मागतलं," मंगलीबाई गावाला म्हणाल्या. "खाली हातानं कसं जायचं?"

मागणाऱ्याला नाही म्हणायची त्या गावात रीतच नाही. हरकत कोणाचीच नव्हती, तरी प्रत्येक घरानं डोकं खाजवून एकेक काढली.

सत्तावीस कागद पाहून कारकून गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. "अवं बाई, अर्ज तुमचा अन् हरकतीबी तुमच्याच? आपल्याच पायावर धोंडा मारून राह्यल्या! आता अर्ज बुडते तुमचा. घ्या ह्या वापस."

मंगलीबाईंच्या डोळ्यांपुढून मोह जाईना. पण तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दिलेली वस्तू वापस कशी घेऊ, भाऊ?"

झालं! सुनावणी लागली. सगळं गाव ऑफिसात जमलं. साहेब वाचू लागले, "'सहाला फाटक उघडलं तर पहारेकरी दिनेशची झोप मोडेल.' ही कोणाची?"

"माही," मंगलीबाई उठल्या. "पन आमी त्याले चहा पाजू नं."

"'चितळं उपाशी राहतील.'"

"माही हाये," म्हातारा कोलू म्हणाला. "दोन झाडं त्याईच्यासाठी सोडू, सायेब."

ज्याची हरकत, त्याचंच उत्तर! दुपारपर्यंत साहेब हसून हसून डोळे पुसत होते. शेवटी त्यांनी सही ठोकली. "सगळ्या हरकती फेटाळल्या. फाटक उद्यापासून सहाला."

गुणवंतरावांनी भिंतीकडच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "नशीब समजा, बाई. ते बिनहरकतीचे अर्ज. त्याईले सुनावणी लागत नाई, म्हणून कोणी उघडतबी नाई. तीन वर्सं झाली."

मंगलीबाईंनी साहेबांना हात जोडले, गुणवंतरावांना जोडले, दारातल्या शिपायालाही जोडले. मग हळूच गुणवंतरावांकडे परत येऊन म्हणाल्या, "भाऊ, सायेब लई चांगला मानूस. एवढं केलं आमच्यासाठी, अन् आमची एकबी हरकत त्याले पसंत नाई पडली. पुढच्या खेपी चांगल्या आनू."