न्यूट्रलची लाईन

थूल काकांच्या घरात ताठ मानेनं कोणीच शिरू शकत नाही. मोठा साहेब असो की भांडायला गेलेली शेजारीण मी, उंबरा ओलांडला की वाकावंच लागतं. कारण काकांनी घरभर गळ्याच्या उंचीवर दोऱ्या ताणून ठेवल्यात. बैठकीतून सैपाकघरात, सैपाकघरातून खाटेवर, खाटेपासून खिडकीच्या गजापर्यंत. आणि त्याला दोरी म्हणायचं नाही. "लाईन म्हन वं," म्हणतात. जन्मभर देवळीच्या आसपास खांबांवर चढून तारा ओढल्या, लाईनमन म्हणून रिटायर झाले, पण हात काही रिटायर व्हायला तयार नाहीत.

या लाईनींवरून न्यूट्रल फिरतो. न्यूट्रल म्हणजे काकांचा पोपट. एका बाजूला पंख नाही, एका पायाची बोटं जळालेली. विजेच्या दोन तारांमध्ये सापडून कोणाच्या तरी शेतात पडला होता, तो काकांनी दुपट्ट्यात गुंडाळून आणला. पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे मीच त्यांना ऐकवलं. तर दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला घेऊन वनखात्याच्या ऑफिसात हजर. तिथून जनावरांच्या डॉक्टरकडे. पंख गेला तो गेलाच. हा आता उडत नाही, बाहेर सोडला तर जगत नाही, तुम्हीच सांभाळा, असं वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं. काका इतके खुशीत परत आले की मला वाटलं, रिटायर झाल्यावर प्रमोशन मिळालं की काय यांना.

नाव ठेवलं तेव्हा मी तिथेच होते. काका म्हणाले, "याचं नाव न्यूट्रल. हात लावला तरी झटका नाई." आणि मला दाखवायला बोट पुढे केलं. न्यूट्रलनं त्या बोटाचं रक्त काढलं. नाव मात्र तेच राहिलं. नवीन कनेक्शन आहे, बसेल हळूहळू, असं वर मलाच समजावलं.

त्यांचं सगळं बोलणं असंच. चहा पांचट झाला की व्होल्टेज नाई. मी चिडले की लोड वाढला हिचा. माझा नवरा सकाळी उशिरा उठून ओट्यावर जांभया देत बसला की लांबूनच म्हणतात, सप्लाय कमी हाय गड्याचा. नवऱ्याबद्दलचं मला पटतं, म्हणून मी काही बोलत नाही.

पण पंख्याचं काय करावं? आमच्याकडचा मे महिना ज्यानं भोगला त्यालाच ठाऊक. न्यूट्रलला लागेल म्हणून काकांनी छताचा पंखा काढून माळ्यावर टाकला. कूलरच्या आवाजाला तो दबकतो, म्हणून कूलरही बंद. पाहुणा आला की आधी वाकतो, मग घामानं निथळतो. मी म्हटलं, काका, अशानं तुमच्याकडे कुत्रं फिरकणार नाही. तर म्हणाले, "तसंही येते कोन वं?" काकू जाऊन बरीच वर्षं झाली, पोरबाळ नाही. मी पदरानं घाम पुसला आणि अजून अर्धा कप चहा मागितला.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी गल्लीत पंचशील पताका लागतात. हे काम काकांचंच, दुसऱ्यानं बांधलेली दोरी त्यांना सैल वाटते. गुडघे धरत, कण्हत शिडी चढले, पताकांचं एक टोक समोरच्या विजेच्या खांबाला तारांच्या खाली बांधलं आणि दुसरं आपल्या खिडकीच्या गजाला. नेमकं त्याच गजाला, जिथे न्यूट्रलची आतली लाईन येऊन संपत होती. उभा जन्म लाईन जोडण्यात गेलेला. दोन टोकं जवळ दिसली की हात गाठ मारून मोकळा. मग जेवून लवंडले.

न्यूट्रलला वाटलं असणार, आपल्याला नवीन लाईन मिळाली.

मी शिलाई मशीनवर बसले होते. सहज बाहेर पाहिलं तर हा बाप्पा पताकांवरून चाललेला. चोचीनं दोरी धरायची, चांगला पाय टाकायचा, जळका ओढायचा. अर्धी गल्ली ओलांडली होती. आणि पुढे खांबावर उघड्या तारा. तसल्याच तारांनी त्याचा पंख खाल्लेला. मशीन तशीच सोडली. धावत जाऊन काकांना उठवलं.

काका बनियनवरच बाहेर आले. वर पाहिलं. हाक मारली नाही, दचकून त्यानं तार धरली असती. सरळ सबस्टेशनला फोन लावला. ड्युटीवर वानखेडे होता, त्यांचा जुना जोडीदार.

"वानखेडे, लाईन बंद कर. पोलवर हाय."

त्या धंद्यात पोलवर आहे, म्हणजे खांबावर कोणी चढलंय, असं म्हटलं की कोण, कशाला, हे विचारत बसत नाहीत. आधी बंद, मग बोलणं. अर्ध्या देवळीचे कूलर एकदम थांबले. माणसं घाम पुसत बाहेर आली.

सकाळी कण्हत चढलेल्या शिडीवर काका आता पोरासारखे चढले. खाली शिडी मी धरली आणि तोंडानं त्यांना शिव्या घातल्या, कारण भीती वाटली की मला तेवढंच येतं. न्यूट्रल तारेला चोच लावण्याच्या बेतात होता. काकांनी हळूच मनगट त्याच्या पायाशी नेलं. तो मनगटावरून खांद्यावर आला आणि आधी काकांच्या कानाला कडकडून चावला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काका उतरले तोवर खाली कुरकुर सुरू झालेली. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणत होता, फ्रिजमधलं दूध नासते, अन् यांचं सारं पोपटासाठी चालून राह्यलं. तेवढ्यात फोन वाजला. काकांचे दोन्ही हात न्यूट्रलभोवती, म्हणून मी स्पीकरवर लावला. माणसं उतरल्याचं कामावरच्यानं स्वतः सांगितल्याशिवाय लाईन चालू करता येत नाही. वानखेडेनं तेच विचारलं. पोलवर कोण होतं, उतरलं का?

सगळी गल्ली ऐकत होती. काकांनी फोनकडे तोंड नेलं. 

"घरचं मानूस होतं, वानखेडे," काका म्हणाले. "एकच हाय मले. उतरलं खाली."

 मग वानखेडे म्हणाला, "बरं झालं भाऊ. करतो चालू."

कूलर घरघरायला लागले. किराणावाल्यानं दुकानातून थंड पाण्याची बाटली आणून काकांपुढे धरली. काका ओट्यावर बसले आणि न्यूट्रलला छातीशी धरून सगळ्यांदेखत रडले. काकू गेल्या तेव्हासुद्धा या माणसाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "वाचलं बाप्पा, वाचलं एकदाचं" म्हणत राहिले. पोपटाला म्हणत होते की काकांना, माझं मलाच कळत नव्हतं.