सिंहाचे आरसे आणि भिवाची चोच

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राहायचा. त्याला स्वतःचं तोंड बघायचा भारी सोस. तळ्यात वाकून बघायचं तर मान दुखायची. म्हणून त्याने आरशांचा कारखाना काढला.

काचेच्या पाठीला पारा लावायचं नाजूक काम भिवाकडे आलं. भिवा म्हणजे सुगरण पक्षी. तुम्हाला वाटतं ना, सुगरणीचं घरटं मादी विणते? साफ चूक. विणतो नर. मादी येते, अर्धवट घरटं ओढूनताणून बघते आणि पसंत पडलं तरच संसार मांडते. भिवाचं घरटं आजवर नापसंत झालं नव्हतं.

कारखान्यात पारा तापायचा, वाफ कोंडायची. खिडक्या उघडायची बंदी होती. धूळ आली तर महाराजांच्या नाकावर डाग दिसेल ना!

हळूहळू भिवाची चोच थरथरायला लागली. तो उगाच चिडायचा, मित्रांची नावं विसरायचा. पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्याने बाभळीवर घरटं विणायला घेतलं. त्याच्या बायकोने, गोदीने, येऊन जरा ओढलं, तर सगळं भसकन खाली.

"अहो, हे काय? यंदा अंडी कुठं घालू, तुमच्या डोक्यावर?"

"चोच ऐकत नाही गं."

"मग जा की कारखान्याच्या डॉक्टरांकडे!"

डॉक्टर होते बगळे. ते कारखान्याच्या बाहेर, मोकळ्या वाऱ्यात एका पायावर उभे असत. आत कधी पाऊल टाकत नसत. मला तर या बगळ्याची भारी चीड येते.

त्यांनी भिवाची चोच बघितली आणि सगळ्या कामगारांना रांगेत उभं केलं. खारीचे पंजे लटलटत होते. साळिंदराचे काटे खडखडत होते.

"बघ," बगळे म्हणाले, "सगळ्यांचंच थरथरतंय. म्हणजे हे नॉर्मल आहे."

"पण डॉक्टरसाहेब, पूर्वी मी थरथरत नव्हतो."

"पूर्वीचं आम्ही धरत नाही."

रांगेच्या टोकाला एक उंदीर होता, कालच कामावर लागलेला. तो अगदी स्थिर उभा. बगळे दचकले.

"याला काहीतरी झालंय! घरी पाठवा लगेच."

बिचारा उंदीर रडत घरी गेला. सगळे हळहळले.

गोदी किती थांबणार? तिने शेजारच्या बाभळीवरच्या दुसऱ्याच नराचं घरटं पसंत केलं. तो कारखान्याच्या वाटेलाही गेला नव्हता.

महाराज मात्र भिवावर खूश. त्यांनी त्याला एक आरसा बक्षीस दिला. घरट्यासाठी धरलेल्या फांदीवर तो आरसा टांगला गेला.

आता भिवा दिवसभर त्याच्यासमोर बसतो. आतला पक्षी कोण, हे त्याला आठवत नाही. पण त्याचीही चोच थरथरताना दिसते आणि भिवाचा जीव भांड्यात पडतो.

"चला," तो म्हणतो, "यालाही होतंय. म्हणजे नॉर्मलच."

तात्पर्य : सगळ्यांना मिळून झाला तर तो आजार नव्हे. ज्याचे हातपाय स्थिर असतील, त्याने मात्र वेळीच डॉक्टरांना दाखवावं.